अकरा

शनिवार, रात्री उशिरा

आज दुपारी मी एका प्रार्थनाघरात उभी राहून खोटे बोलले. खोटे फार मोठे नव्हते, एका आकड्यापुरतेच होते. पण ते वन्संच्या देखत बोलले आणि त्या घरी पोहोचेपर्यंत त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत, म्हणून ते अधिक बोचते आहे.

फिलाडेल्फियाची फुटकी घंटा वन्संनी मागच्याच खेपेला पाहिली होती, म्हणून या वेळी त्यांना शहरातल्याच जर्मनटाउन भागात, मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनाघरात नेले. नऊ वर्षे मी त्या रस्त्याने जाते-येते आहे, पण आत कधी पाऊल टाकले नव्हते. १७७० साली बांधलेली ती दगडी वास्तू इतकी साधी आहे की वन्संनी आत शिरताच हळूच विचारले, "देव कुठे आहे गं यांचा?" माहिती सांगणाऱ्या वृद्ध बाई मात्र अशा रंगून बोलत होत्या की जणू सगळे गेल्या आठवड्यात घडले असावे.

त्यांनी सुरुवात केली ती ऱ्हाइनकाठच्या क्रेफेल्ड गावाहून निघालेल्या तेरा कुटुंबांपासून. ही माणसे 'कॉनकॉर्ड' नावाच्या जहाजाने ऑक्टोबर १६८३ मध्ये येथे उतरली. त्यांतले बरेचसे लिननचे कापड विणणारे होते आणि बहुतेक क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाकडे वळलेले होते. मेनोनाइट म्हणून उरलेले अगदी थोडे. पुढच्या वर्षांत आणखी काही जण येऊन मिळाले, पण त्यांना उपदेशक नव्हता. तेव्हा अॅमस्टरडॅमहून आलेले डर्क कायझर नावाचे रेशमाचे व्यापारी छापील पुस्तकातून प्रवचन वाचून दाखवीत आणि बाकीचे ऐकत. १६९८ मध्ये त्यांनी आपल्यातूनच विल्यम रिटनहाउस यांना उपदेशक निवडले. हे गृहस्थ पेशाने कागद बनवणारे. विणकरांच्या गावातल्या जुन्या चिंध्यांपासून कागद करणारी या वसाहतींतली पहिली गिरणी त्यांनी १६९० मध्ये येथेच ओढ्याकाठी उभारली. आज शहरात ज्या उंची चौकाला रिटनहाउस म्हणतात, ते नाव याच घराण्यातले, हे ऐकून वन्सं प्रथमच खूश झाल्या.

उपदेशक मिळाला तरी बाप्तिस्म्याचा प्रश्न सुटला नव्हता. मेनोनाइट लोक तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणसाने कळत्या वयात, स्वतःच्या तोंडाने मागून तो घ्यायचा. याच हट्टापायी १५२५ नंतर युरोपात त्यांच्या पूर्वजांना बुडवून आणि जाळून मारण्यात आले. असा हा बाप्तिस्मा द्यायला अधिकारी 'वडील', म्हणजे पंथातला वरिष्ठ धर्मसेवक, हवा आणि तो समुद्रापलीकडून येईना. रिटनहाउस १७०८ च्या आरंभी वारले. अखेर त्याच वर्षी मे महिन्यात याकोब गोटशाल्क यांनी अकरा जणांना बाप्तिस्मा दिला, आणि ओंडक्यांचे पहिले प्रार्थनाघरही त्याच वर्षी उभे राहिले. जहाज लागल्यापासून पंचवीस वर्षांनी, अकरा जण.

येथे मी न राहवून म्हणाले की आमच्याकडेही अधिकारी माणूस कोणी नाही, आम्हीही पोथी वाचतो आणि भजन करतो. बाईंना फार आनंद झाला. त्यांनी विचारले, "किती जण जमता?" आणि मी म्हणाले, "अकरा."

आम्ही पाच जमतो. गेल्या एकादशीला कुलकर्णी काकूंचा गुडघा धरला होता, म्हणजे खरे तर चारच, आणि भिंतीला टेकून बसलेल्या वन्सं पाचव्या. मीनल टेक्सासला गेल्यापासून हे असेच चालले आहे. ती का गेली, ते आज लिहायचे नाही.

मग मी खोटे का बोलले? आकडा कानात ताजा होता म्हणून तो तोंडातून निसटला, असे मी परतताना गाडीत स्वतःला सांगून पाहिले, पण ते पटत नाही. पाच म्हणायची लाज वाटली, हे खरे कारण. पाच म्हटले की पुढे "पूर्वी किती होता?" हा प्रश्न येतो, आणि त्याच्या उत्तरात चौदा कपांचे चहाचे आधण, दाराशी चपलांचा ढीग आणि टाळ कमी पडल्याची तक्रार, हे सगळे येते. एवढी वर्षे चादरी अंथरल्या, प्रसादाचा शिरा ढवळला, आणि शेवटी हाताच्या एका पंज्यात मावेल एवढीच माणसे उरली, हे एका परक्या बाईसमोर का कबूल करायचे?

आणि हे खोटे बोलून झाल्यावर त्या आम्हांला कुठे घेऊन गेल्या, तर एका जुन्या मेजापाशी. गुलामगिरीविरुद्धचा १६८८ सालचा निषेध ज्यावर सही झाला असे सांगतात, ते हे मेज. सह्या चारच. चौघेही क्वेकर सभेला जाणारे, त्यांतले दोघे क्रेफेल्डचे सख्खे भाऊ, आणि इंग्रजी आपल्यासारखेच परक्याचे, अडखळते. क्वेकरांच्या वरच्या सभांनी तो कागद एकीकडून दुसरीकडे सरकवला आणि प्रकरण फार जड आहे म्हणून बाजूला ठेवला. पेनसिल्व्हेनियाने गुलामगिरी क्रमाक्रमाने बंद करण्याचा कायदा केला तो १७८० मध्ये. बाई सह्यांचा आकडा सांगत होत्या आणि माझे कान तापत होते.

पुढे या मेनोनाइट मंडळींचे लोक नव्या जमिनी शोधत स्किपॅककडे सरकत गेले, तिकडची वस्ती वाढली आणि मूळ गाव मागे पडले. (मराठी ख्रिस्ती लोक चर्चच्या समुदायाला 'मंडळी' म्हणतात, तो शब्द मला आज पहिल्यांदा आपला वाटला.) १९९७ मध्ये तर, समलिंगी व्यक्तींना सभासद करून घेतल्याबद्दल, अमेरिकेतल्या या सर्वांत जुन्या मेनोनाइट मंडळीला तिच्याच परिषदेने बाहेर काढले. बाईंनी हे काही लपवले नाही, आवाजही उतरवला नाही. मंडळी आता जवळच्याच दुसऱ्या इमारतीत भरते. तेथे किती जण येतात, असे मी विचारणार होते, पण माझ्या तोंडून तो प्रश्न निघेना.

रात्री वरणाला फोडणी देता देता वन्संनी एकदाचे तोंड उघडले. "अकरा कुठून आणल्यास गं?"

"त्यांच्याकडूनच घेतल्या," मी म्हणाले.

त्या इतक्या हसल्या की मोहरी करपली, आणि मग मलाही हसू आले. उसने घ्यायचे तर ज्यांना ते जमवायला पंचवीस वर्षे लागली त्यांच्याकडूनच घ्यावे, असे काहीसे मी बडबडले. त्या म्हणाल्या, "पण मला धरून सहा सांगितले असतेस, तर मी रागावले नसते."

जुन्या मेनोनाइट प्रार्थनाघरांत वाद्याविना गात, असे बाईंनी निघताना सांगितले होते. आमच्या पेटीचा भाता दिवाळीपासून फाटला आहे आणि तो दुरुस्त होईपर्यंत भजन नको, असे सुलभाताईंचे म्हणणे आहे. मी आत्ताच त्यांना फोन करून म्हटले, की एकादशीला पेटीशिवायच म्हणू या.

"आणि पट्टी कोण धरणार?" त्या म्हणाल्या.