कुंडीतले पाणी जाते कुठे?

घरच्या बागेत पाण्याची बचत करायची म्हटले की बहुतेकांचे लक्ष आधी नळाकडे जाते. पाइपऐवजी झारी वापरावी, गळकी तोटी बदलावी, हे सल्ले योग्यच आहेत. परंतु माझे निरीक्षण असे आहे की बागेतले बरेचसे पाणी झारीतून बाहेर पडल्यानंतर वाया जाते. काही कुंडीच्या तळातून निघून जाते, काही उघड्या मातीवरून उडून जाते आणि मुळांच्या आसपास जेवढे टिकते तेवढेच झाडाच्या कामी येते. त्यामुळे किती पाणी घातले यापेक्षा घातलेले पाणी मातीत किती वेळ राहिले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

पूर्ण सुकलेल्या कुंडीत पाणी घालताना नीट पाहिले तर हे लगेच ध्यानात येते. कोरडी पडलेली माती आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटून तिच्या भोवती बारीक फट तयार होते. वरून ओतलेले पाणी याच फटीतून सरळ खाली उतरते, काही क्षणांत ताटलीत जमा होते आणि आपल्याला वाटते की कुंडी भरपूर भिजली. प्रत्यक्षात बोटभर उकरून पाहिले तर आतला मातीचा गोळा कोरडाच निघतो. शेणखत, कोकोपीट किंवा पीटमॉस यांसारखे सेंद्रिय घटक जास्त असलेले मिश्रण एकदा अगदी वाळले की सुरुवातीला पाणी धरायलाच तयार नसते. अशा वेळी आधी थोडे पाणी शिंपडून दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि मग उरलेले सावकाश द्यावे, किंवा कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवून माती खालून भिजू द्यावी. कडेची फट बोटाने दाबून बुजवली तरी पुष्कळ फरक पडतो.

‘रोज सकाळी पाणी घाला’ हा सरसकट सल्ला मात्र मला पटत नाही. पाण्याची गरज ऊन, वारा, हवेतील आर्द्रता, कुंडीचा आकार आणि झाडाची वाढ यांवर ठरते, आणि यातील एकही गोष्ट रोज सारखी नसते. बोटाचे पहिले दोन पेर मातीत खुपसून पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे. आत गारवा व ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. लहान कुंडी उचलून पाहिली तर वजनावरूनही अंदाज येतो, आणि हा अंदाज थोड्याच सवयीने पक्का होतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण मोकळी असेल तर दोन्ही मिळतात. सतत चिखल राहिला तर मातीतील पोकळ्या पाण्याने भरून जातात, मुळे गुदमरतात आणि झाड पाण्यात उभे असूनही माना टाकते. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो, हा यातला सर्वांत दुर्दैवी भाग. भर दुपारी मोठ्या पानांची झाडे मलूल दिसतात, तीही नेहमी तहानलेली असतातच असे नाही. पानांतून बाष्प बाहेर पडण्याचा वेग मुळांच्या पुरवठ्याहून वाढला की असे होते, आणि संध्याकाळी तीच झाडे आपोआप टवटवीत होतात. सकाळीही माना खाली असतील, तर मात्र माती तपासावी.

मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी फारच थोडे झाडाच्या शरीरात राहते. ९५ टक्क्यांहून अधिक पाणी पानांवाटे हवेत जाते. हा खर्च झाडाचाच असल्यामुळे तो थांबवता येत नाही, पण दुपारच्या कडक उन्हात जाळीची सावली दिली, वाऱ्याच्या झोताला आडोसा केला आणि कुंड्या एकमेकींजवळ ठेवल्या, तर तो कमी होतो. मातीवरून उडणारे पाणी मात्र बरेच रोखता येते आणि त्यासाठी आच्छादनासारखा दुसरा उपाय नाही. वाळलेला पालापाचोळा, गवत किंवा नारळाच्या शेंड्यांचे तुकडे वाफ्यात पाच ते सात सेंटिमीटर आणि कुंडीत दोन-तीन सेंटिमीटर जाडीने पसरावेत. खोडाभोवती थोडी मोकळी जागा सोडावी, नाहीतर तिथे ओल राहून बुंधा कुजतो. आच्छादन हळूहळू कुजून मातीत मिसळते आणि मातीची पाणी धरण्याची क्षमताही वाढवते. न रंगवलेल्या मातीच्या कुंड्यांच्या भिंतींमधूनही पाणी झिरपून उडते. म्हणून फार पाणी लागणारे झाड प्लास्टिकच्या कुंडीत लावून ती मातीच्या मोठ्या कुंडीत बसवणे सोयीचे पडते.

ज्या सच्छिद्रपणामुळे कुंडीचे पाणी जाते, त्याचाच उपयोग पुरलेल्या मडक्यात होतो. न रंगवलेले, चकाकी न दिलेले मडके गळ्यापर्यंत मातीत पुरून पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे. भोवतालची माती सुकली की ती मडक्याच्या भिंतीतून पाणी ओढून घेते, आणि ओली असली की ओढ मंदावते. म्हणजे पाण्याचे प्रमाण मातीच ठरवते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथातही या पद्धतीचे वर्णन आढळते. वेलवर्गीय भाज्यांच्या वाफ्यासाठी मला ती ठिबक सिंचनापेक्षाही आवडते, कारण तोट्या तुंबण्याची कटकट नाही. कुंड्या पुष्कळ असतील तर अर्थात ठिबकच सोयीचे. फक्त टायमर लावून निर्धास्त होऊ नये, कारण पाऊस पडून गेल्यावरही तो ठरल्या वेळी पाणी सोडतच राहतो.

वापरलेल्या पाण्याबाबत थोडा विवेक हवा. भाज्या धुतलेले पाणी बिनदिक्कत घालावे. साबणाच्या आणि डिटर्जंटच्या पाण्यात सोडियम असते; ते साचत गेले की मातीची रचना बिघडते. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मूळ पाण्यापेक्षा अधिक क्षारयुक्त असते, म्हणून ते एकट्याने सतत न वापरता साध्या पाण्यात मिसळून, आणि तेही कणखर झाडांना द्यावे. कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरा थर दिसू लागला, तर क्षार साचत असल्याची ती खूण समजावी. एअर कंडिशनरमधून ठिबकणारे पाणी याच्या उलट, जवळजवळ क्षारविरहित असते. ते शोभेच्या झाडांना चालते, पण धातूच्या भागांवरून येत असल्यामुळे खाण्याच्या भाज्यांना मी देत नाही.

पावसाचे पाणी सर्वांत उत्तम, आणि त्याचा हिशेबही सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लीटर पाणी मिळते. म्हणजे १० चौरस मीटरच्या छोट्या पत्र्यावरून २० मिलिमीटरच्या एका सरीत २०० लीटरपर्यंत पाणी हाती येऊ शकते. प्रत्यक्षात उडालेले व सांडलेले वजा जाता थोडे कमी भरते. पहिल्या सरीबरोबर छतावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण येते, म्हणून ती वाहून जाऊ द्यावी आणि नंतरचे पाणी पिंपात धरावे. पिंपाच्या तोंडावर बारीक जाळी घट्ट बांधावी, अन्यथा आठवड्याभरात त्यात डासांच्या अळ्या दिसू लागतात. कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचणारे पाणीही याच कारणासाठी वेळच्या वेळी ओतून टाकावे, किंवा त्याहून बरे म्हणजे शेजारच्या कोरड्या कुंडीत घालावे.