ही रडतेय की भांडतेय?

"ही पोरगी रडतेय की भांडतेय गं?" दांडिया बाजारातल्या घरी आत्याने पोळ्या लाटता लाटता विचारलं. मोबाइलवर क्रॅनबेरीज या आयरिश बँडचा १९९४चा अल्बम 'नो नीड टू आर्ग्यू' चालू होता, त्यातलं 'झॉम्बी' गाणं लागलेलं.

सांगितलं तिला. १९९३मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनला बॉम्ब फुटले, ३ आणि १२ वर्षांची दोन मुलं गेली. बँडची गायिका, आयर्लंडच्या डोलोरेस ओ'रिऑर्डनने त्यावर हे लिहिलं.

"मग दोन्ही करणारच की," आत्या म्हणाली.

मला या अल्बमचं वेड नेमकं यासाठीच आहे. गिटार कितीही खरखरो, डोलोरेसचा आवाज वर येतो, मध्येच फाटतो, आणि ती तो फाटू देते. 'ओड टू माय फॅमिली'त याच गळ्यात केवढी माया!

आपल्याकडे गाणाऱ्या मुलीला अजूनही आधी "गोड गा" असंच का सांगतात?