निजानीज झाल्यावरचे वाचन

नोकरी करणाऱ्या बाईला स्वतःच्या प्रकृतीविषयी वाचायला सवड मिळते ती बहुधा रात्री, सगळी निजानीज झाल्यावर, आणि तेव्हा डोळ्यांवर झोप व मनात धास्ती असल्याने समोर येईल ते खरे वाटू लागते. माझ्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ९.८ आले, त्या रात्री मी मोबाइलवर दीड तास नुसता भीतिदायक मजकूर वाचत राहिले. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असल्यास जागतिक आरोग्य संघटना त्याला रक्तक्षय मानते, आणि पाळीतील जास्तीचा रक्तस्राव हे त्याचे एक नेहमीचे कारण असते, ही साधी माहिती मला सर्वांत शेवटी सापडली.

खरी उपयोगी पडली ती शेजारच्या टेबलावरची सहकारी. लोहाची गोळी चहासोबत घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही, हे तिने मला गोळी हातात आणि कप ओठाशी असतानाच सांगितले. डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनीही दुजोरा दिला.

आता मनात येणारे प्रश्न मी डायरीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवते आणि तपासणीच्या वेळी ते पान उघडते. मागच्या खेपेस त्यावर सात प्रश्न होते, आणि पाळीविषयीचा, दोन वर्षे कोणालाच न विचारलेला प्रश्न सर्वांत वर होता.