पश्चिमेच्या भिंतीचा दुसरा गिलावा

आज रविवार. उमरेड रोडच्या आतल्या शेतावरची आमची दहा बाय बारा फुटांची मातीची खोली आता खोलीसारखी दिसायला लागली आहे. पश्चिमेच्या भिंतीचं काय झालं, असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून आज फक्त तिच्याबद्दल.

नागपुरात घराची खरी परीक्षा पश्चिमेलाच होते. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि दुपारनंतरचं ऊन थेट याच भिंतीवर येतं. बाकीच्या तीन भिंती आम्ही दीड फूट जाडीच्या मातीच्या केल्या. पण जाड माती उष्णता अडवत नाही, पोटात साठवते आणि उशिरा आत सोडते. दुपारचं ऊन झोपायच्या वेळी खोलीत उतरलं तर काय उपयोग? म्हणून पश्चिमेला बांबूचा सांगाडा उभारून त्यात तणस (धानाच्या वाळलेल्या काड्या) भरली. काड्यांच्या पोकळीत आणि मधल्या फटींत हवा अडकून राहते, आणि उष्णता अडते ती त्या हवेमुळे.

तणस मौद्याकडून आणली, तिथे धानाची कापणी झाल्यावर भरपूर मिळते. माती पाण्यात कालवून खिरीसारखी केली आणि तणशीला नुसती माखली. मुठीत दाबली तर काड्यांनी एकमेकींना धरून राहावं, पण बोटांतून पाणी गळू नये, एवढंच माप. दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटी फळ्या लावून सहा-सहा इंचांचे थर भरले. कडेला घट्ट दाबायचं, मधे हलक्या हाताने, नाहीतर हवाच निघून जाते. भरलं की फळ्या लगेच सोडून वर चढवायच्या. आठ इंच जाडीची भिंत आम्ही दीड दिवसात उभी केली. वेळ लागतो तो वाळायला. आठवड्याला साधारण इंचभर धरा, आणि दोन्ही बाजू उघड्या ठेवा.

पाचव्या दिवशी भिंतीला कोंब फुटले! काड्यांना चिकटून राहिलेले धानाचे दाणे उगवले होते. बोटभर उंचीची पोपटी पाती, सकाळच्या उन्हात भिंतभर. पोरं हात लावून बघत होती. आम्ही ते कोंब मुद्दाम काढले नाहीत. ते पिवळे पडून सुकले तेव्हा वरचा भाग वाळल्याचं कळलं. आतल्या ओलीसाठी लोखंडी सळई खुपसून थोडा वेळ तशीच ठेवायची आणि बाहेर काढून गालाला लावायची. गार, ओलसर लागली तर गिलाव्याला हात लावायचा नाही.

इतकं सांभाळूनही पहिल्या गिलाव्यात चुकलो. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी शेतातलीच माती घेतली, बाटलीतली चाचणी केली नाही आणि लावून मोकळे झालो. चार दिवसांत भिंतीवर जाळं पडलं. काही भेगांत आगकाडी उभी बसत होती. शेजारच्या वावरातल्या मावशी बघायला आल्या. आयुष्यभर भिंती छाबल्या (मातीने लिंपल्या) आहेत त्यांनी. नखाने एक खपली काढून चुरली आणि म्हणाल्या, "बाप्पा, हे तं काळी हाय. इनं उन्हाळ्यात वावर फाटते, मंग भित कशी सोडन? पांढरी आना."

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आक्रसते. हे आम्हाला पुस्तकातून माहीत होतं, तरी भिंतीपाशी आठवलं नाही.

पांढरी माती मिळाली गावातल्या एका पडक्या घरातून. घरमालकांनी आनंदाने दिली. जुन्या भिंतीची माती आधीच मुरलेली असते, भिजवली की पटकन विरघळते. यावेळी बाटलीत घालून हलवली. रेती लगेच तळाशी बसली, पोयटा (रेतीहून बारीक गाळ) तास-दोन तासांत, आणि चिकणमातीचं गढूळ पाणी दुसऱ्या दिवशीही वर होतं. मग भिंतीवरच फूट-फूट चौरसाचे चार ठिगळ लावले. एक भाग पांढरी, दोन भाग कन्हानची चाळलेली रेती आणि अर्धा भाग गव्हाचं कुटार (भुसा), हे तडकलं नाही. रेती तिप्पट केली तर हात फिरवताच झडायला लागलं.

कुटार घालून गारा (कालवलेला चिखल) आठ दिवस आंबवला. मी तिसऱ्याच दिवशी लावायला निघालो होतो, तर मावशी म्हणाल्या, "कायले घाई करून राह्यले? आंबू द्या." आठव्या दिवशी वास नाकात जातो, पण हातात घेतला की लोण्यासारखा सरकतो. हा फरक हातानेच कळतो.

आज बारा जण होतो. तडकलेला थर खरवडला, भिंतीवर पाणी शिंपडलं आणि तळहाताच्या टाचेने गारा दाबत वर नेला. गुरमाळा शेवटी, फक्त सपाट करायला. भिंतीवर पाऊण इंचाचा थर बसला. वाऱ्याने पटकन वाळू नये म्हणून ओली पोती टांगली आहेत.

बाहेरून सिमेंट मारून टाका, असा सल्ला एकाने दिला. मी ठाम नाही म्हणालो. सिमेंटमागे ओल कोंडली तर आतली तणस कुजेल. बाहेरून चुन्याचा हात देणार, छपरी तीन फूट पुढे काढणार, आणि पायाला दगडाचं दीड फुटी जोतं आधीच आहे.

पुढच्या रविवारी शेण घातलेला बारीक थर. माती चाळायला दोन चाळण्या कमी पडतात, कुणाकडे असतील तर घेऊन या. एक तापमापी या भिंतीच्या आत आणि एक बाहेर लावली आहे, 1 मार्चपासून दुपारी तीन आणि रात्री नऊची नोंद इथेच टाकत जाईन.