आमची वाटचाल: फायलीकडून रेकॉर्डिंगकडे

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या स्पीकिंगची, म्हणजे बोलण्याच्या चाचणीची, तयारी करून घेणारा आमचा छोटा क्लास सुरू झाला तो तयार उत्तरांच्या जाडजूड फायलीवर. घर, छंद, हवामान, प्रवास, प्रत्येक विषयाला एक उत्तर. मुलांना ती फाइल फार आवडायची. तरी बंद केली, कारण पाठ केलेलं उत्तर कानाला लगेच कळतं: वेग अचानक वाढतो, आवाजातले चढउतार जातात. परीक्षक मग फायलीत नसलेला उपप्रश्न टाकतो आणि तिथे इंग्रजी एकदम घसरतं.

फायलीच्या जागी घड्याळ आलं. परीक्षा ११ ते १४ मिनिटांची, तीन भागांत. पहिल्या भागातल्या ओळखीच्या प्रश्नांवर आम्ही फार वेळ घालवत नाही. दोन-तीन वाक्यं आणि त्यात एक कारण, बास. खरी कसरत दुसऱ्या भागाची. हातात विषय आणि त्यावरचे काय, कुठे, कधी, का असे मुद्दे लिहिलेलं कार्ड, तयारीला १ मिनिट, टिपणाला कागद-पेन्सिल आणि मग १ ते २ मिनिटं एकट्याने बोलायचं. त्या मिनिटात बरेच जण अख्खी वाक्यं लिहायला घेतात. दीड वाक्य होतं न होतं तोच वेळ संपते. आम्ही सात-आठ शब्दांपुढे जाऊ देत नाही, तेही इंग्रजीच, नाहीतर बोलताना मनात भाषांतर सुरू होतं. 'विकत घेतलेली वस्तू' या कार्डाला एवढंच पुरतं: बायसिकल, सेकंडहँड, ब्रदर, रस्ट, ब्रेक्स, फेल, स्टिल. काय, कुठे, कधी हे अर्ध्या मिनिटात आटोपतं. उरलेला वेळ शेवटच्या 'का'वर काढायचा असतो, म्हणून निम्मे शब्द त्याच्यासाठी राखायचे. दोन मिनिटं झाली की परीक्षक मध्येच थांबवतो. त्याने गुण जात नाहीत.

आता सगळा भर रेकॉर्डिंगवर. एकच कार्ड तीनदा. पहिल्यांदा बोलल्यावर स्वतःचं ऐकायचं आणि जिथे अडखळलो तिथे खूण करायची: मुद्दा सुचत नव्हता की शब्द? मुद्द्यासाठी थांबणं कुणालाही होतं. शब्दासाठी वारंवार थांबणं ओघाच्या गुणांत नडतं. ओघ, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार या चारांना सारखंच वजन आहे, पण मुलं जीव टाकतात तो अवघड शब्दांवर.

आपली नेहमीची चूक म्हणजे 'आय अॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स'. मराठीतला 'पाच वर्षांपासून' तिथे जसाच्या तसा उतरतो. हवं ते 'आय हॅव लिव्हड हिअर फॉर फाइव्ह इयर्स'. उच्चारात परदेशी ढब आणायची गरज नाही. अडतं ते आघातावर. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर, 'फोटोग्राफर'मध्ये 'टो'वर, 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रा'वर. आपण तिन्ही एकाच वजनाने म्हणतो.

तिसऱ्या भागात 'लोक वस्तू दुरुस्त का करत नाहीत?' असं विचारलं की मुलं पुन्हा स्वतःच्या सायकलवर येतात. आधी लोकांबद्दल बोलायचं, सायकल उदाहरणापुरती. प्रश्नच कळला नसेल तर सरळ पुन्हा विचारायला सांगायचं. गुण जातात ते अंदाजाने भलतंच बोलत सुटल्यावर.