वेल्क्रो लावलेले प्रोटॉन

बारावीला केंद्रकाचा धडा आला की माझ्या पर्समध्ये दोन चकती लोहचुंबक असतात. सारखे ध्रुव समोरासमोर, आणि तोंडावर वेल्क्रो. लांबून एकमेकांना झिडकारतात. जोर लावून टेकवले की धरून बसतात. प्रोटॉनांचं तसंच, असं मी सांगते. एक फेम्टोमीटरवर, म्हणजे मिलिमीटरच्या एक लाख कोटीव्या भागावर, दोन प्रोटॉन एकमेकांना सुमारे २३० न्यूटननं ढकलतात. जवळजवळ सिमेंटचं अर्धं पोतं! तरी केंद्रक फुटत नाही, कारण दोन-तीन फेम्टोमीटरच्या आत केंद्रकीय बल त्याहून भारी पडतं.

यंदा तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं चुंबक हातात घेऊन निरखले.

"मॅडम, याला काटे आहेत आणि त्याला लोकर. मग हे दोन प्रोटॉन कसे? खरंच नुसत्या दोन प्रोटॉनांचं केंद्रक असतं का?"

"नसतं गं. ढकलतात ना एकमेकांना."

"मग दोन न्यूट्रॉनांचं? ते तर ढकलत नाहीत."

तेही नसतं, एवढं माहीत होतं. का नसतं, ते सांगता येईना. अठरा वर्षं शिकवतेय, हा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नव्हता. "उद्या सांगते" म्हणाले आणि थेट लायब्ररी गाठली.

गोम स्पिनमध्ये होती, म्हणजे कणाच्या अंगच्या गिरकीसारख्या गुणात. दोन कणांचे स्पिन एका दिशेला असले तर हे बल जास्त ओढतं. प्रोटॉन-न्यूट्रॉनला ते जमतं, म्हणून ड्यूटेरॉन, म्हणजे या दोघांचं केंद्रक, टिकतो. तोही जेमतेम: तोडायला २२ लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांच्या ऊर्जेचं माप) पुरतात. दोन एकसारख्या कणांना मात्र सर्वांत खालच्या ऊर्जापातळीत पाउलीचा नियम आडवा येतो (असे दोन कण अगदी एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत), स्पिन उलटसुलटच ठेवावे लागतात, आणि ओढ थोडक्यात कमी पडते. म्हणजे विजेच्या रेट्यावर मी सगळं ढकलत होते, ते अर्धवट होतं.

दुसऱ्या दिवशी हे सांगून संपवते तोच, "मग हेलियमच्या केंद्रकात दोन प्रोटॉन कसे राहतात?"

या वेळी तयार होते. फळ्यावर चार गोल काढले, दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन. "जोड्या मोज."

"सहा."

"ढकलणारी किती?"

"एकच." मग जरा थांबून म्हणाली, "आणि ओढ सगळ्या सहांत?"

"सगळ्या सहांत. चौघांना सुटं करायला २ कोटी ८३ लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात."

चुंबक तिच्याकडेच राहिलेत. दोन्हींना काटेच लावून बघणार आहे म्हणे.