नालेसाठी घोडं

“मोठे स्विमबेट टाकायचे आहेत, रॉड कुठला घेऊ आणि रील कुठली?” हे मला गळाने मासे पकडायची हौस असलेल्या इतक्या जणांनी विचारलंय की उत्तर तोंडपाठ झालंय. आमिष कुठलं टाकणार ते आधी सांगा, असं मी म्हणते आणि समोरचा हिरमुसतो. त्याला कंपनीचं नाव हवं असतं. पण नालेसाठी घोडं घेऊ नये ही म्हण इथे चालत नाही. इथे नाल आधी, घोडं मागून.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: रॉड म्हणजे गळाची काठी, रील म्हणजे तिच्यावरची लाइन, म्हणजे दोरी, गुंडाळायची चकरी, आणि स्विमबेट म्हणजे हुबेहूब माशासारखं दिसणारं, तसंच पोहणारं बनावट आमिष. याचे मोठे अवतार वीतभर लांब असतात आणि वजन 60 ग्रॅमपासून 200 ग्रॅमच्या पुढेही जातं. ही चाल रुजली ती दक्षिण कॅलिफोर्नियात. सॅन दिएगोच्या तलावांत 1959 साली फ्लोरिडाच्या जातीचे बास हे शिकारी मासे आणून सोडले, आणि तिथल्या जलाशयांत हिवाळ्यात ट्राउट मासेही सोडले जायचे. ते खाऊन बास अवाढव्य झाले. मग ट्राउटएवढीच आमिषं निघाली, आणि ती फेकायची कशाने हा प्रश्नही तिथूनच सुरू झाला.

बहुतेकांना वाटतं की भक्कम रॉड मोठ्या माशासाठी लागतो. बासचा जागतिक विक्रम किती आहे? दहा किलोंच्या जरासा वर. जॉर्ज पेरीने 1932 मध्ये जॉर्जियात तो केला आणि 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिताने त्याची बरोबरी केली. तुमच्या-माझ्या गळाला लागला तर चार-पाच किलोंचा लागेल, तोही कधीतरी. तेवढा मासा साधा रॉडही ओढून आणतो. खरं ओझं आमिषाचं असतं, कारण ते दिवसातून दोनशे-तीनशे वेळा फेकायचं असतं.

हे मला पैसे घालवून कळलं. गवतातून मासे उपसायला घेतलेला एक आखूड, ताठ रॉड माझ्याकडे होता. जाड म्हणजे मजबूत, एवढीच माझी अक्कल. त्याच्यावर दीड औंसाची मर्यादा छापलेली, म्हणजे जेमतेम 42 ग्रॅम. त्याला मी 110 ग्रॅमचं नवंकोरं आमिष बांधलं आणि छोटी आमिषं फेकतात तसा मनगटाने हिसका दिला. स्पूल, म्हणजे रीलमधली लाइन गुंडाळलेली फिरकी, सैरभैर फिरलं, लाइनचा गुंता झाला आणि तो जागीच आवळला. आमिष काही थांबलं नाही. ते एकटंच पुढे गेलं, लांबवर ‘डुबुक्’ झालं, आणि माझ्या हातात रील आणि त्यावर पाखराचं घरटं.

म्हणून रॉडवर छापलेला वजनाचा पल्ला बघा आणि तुमचं आमिष त्याच्या मधल्या भागात बसतंय का ते पाहा. दोन ते आठ औंस लिहिलेल्या रॉडवर चार-पाच औंस सुखाने जातात. दोन औंसांना तो वाकतच नाही आणि आठ औंसांना कण्हतो. लांबी साधारण आठ फूट. जड आमिष हिसक्याने फेकायचं नसतंच. टोकापासून हातभर खाली लोंबतं ठेवायचं, दोन्ही हातांनी सावकाश मागे न्यायचं, रॉडने वजन उचलल्याचं जाणवलं की मग पुढे झोकायचं. लांब रॉडला सावकाश झोक पुरतो. मूठही लांब हवी, कोपरापर्यंत पोचणारी. नाहीतर सगळा भार मनगटावर येतो आणि दुपारपर्यंत हात भरून येतात.

ताठपणाबद्दल माझं मत जरा हट्टी आहे: शंका असेल तिथे मऊ रॉड घ्या. बास पाण्याबाहेर येऊन डोकं झटकतो, तेव्हा तोंडातलं जड आमिषच पहारीसारखं काम करतं आणि गळ उचकटतं. वरचा अर्धा भाग नीट वाकणारा रॉड तो झटका गिळतो. काठीसारखा रॉड तो सरळ गळापर्यंत पोचवतो.

रील बेटकास्टरच, म्हणजे आडव्या फिरत्या स्पूलची, 300 किंवा 400 आकाराची. दुकानात सगळे गिअरचा आकडा, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल किती वेळा फिरतं ते, विचारतात, पण नुसता तो फसवा असतो. स्पूलचा व्यास 34 मिलिमीटर आणि गिअर 6.3 असेल तर भरलेल्या स्पूलवर एका फेऱ्यात साधारण 67 सेंटिमीटर लाइन येते. व्यास 43 आणि गिअर 5.8 असेल तर 78. म्हणजे ‘हळू’ म्हणवणारी मोठी रील जास्त ओढते. शिवाय जाड लाइन तिच्यात पोटभर मावते. ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा लाइन किती जोराला सुटायची ते ठरवणारा ब्रेक, 11 किलोंचा आहे म्हणून कोणी रील गळ्यात मारत असेल तर हसून सोडून द्या. 25 पौंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणाऱ्या, लाइनवर ड्रॅग तीन-चार किलोंच्या पुढे जातच नाही.

लाइनचं फार मनावर घेऊ नका. पृष्ठभागावर चालणाऱ्या आमिषाला मोनो, म्हणजे साधी नायलॉनची लाइन, कारण ती लवकर बुडत नाही. खोल जाणाऱ्याला फ्लोरोकार्बनची, ती बुडते. दोन्ही 20 ते 25 पौंडांची. गाठ मात्र तासाभराने कापून नवी बांधा. घरटं मी एकदाच बनवलं, पण घासलेल्या गाठीने नंतरही दोन आमिषं घालवली आहेत.

एकच जोड घ्यायची असेल तर आठ फुटी, मध्यम वाकाचा, 110 ग्रॅम आरामात पेलणारा रॉड आणि त्यावर 300 ची रील. पण त्याआधी तुमचं आवडतं आमिष गळ आणि कड्यांसकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. पाकिटावरचा आकडा दर वेळी खरा असतोच असं नाही. काट्यावरचा आकडा कळवा, मग रॉडचं बोलू.